कोकिळाताईंचं ‘शे’

लघुलेखनाचा क्लास चालवणाऱ्या माणसाला विद्यार्थ्यांचे चेहरे लक्षात राहत नाहीत, हात राहतात. मी घड्याळ समोर ठेवून उतारा वाचत असतो, समोरची मंडळी माना खाली घालून लिहीत असतात. मला दिसतात ते भांग आणि हात. जळगावात वडिलांनी सुरू केलेला हा क्लास वीसएक वर्षं मी चालवतोय. घामेजलेले हात पाहिले, मेंदीचे पाहिले, पेन्सिलीचा गळा दाबणारे पाहिले. त्यांतला एकच असा होता, की उतारा संपला, घड्याळ थांबलं, बाकीच्यांनी पेन्सिली खाली ठेवून बोटं मोडली, तरी तो चालूच असायचा. तो कोकिळाताईंचा हात.

त्या पहिल्यांदा आल्या त्या मे महिन्यात, भर दुपारी, जळगावात कुत्रंसुद्धा सावली सोडत नाही अशा वेळी. डोक्याला पांढरा स्कार्फ गुंडाळलेला, हातात डबा आणि फाइल. वय त्रेचाळीस. एका सरकारी कचेरीत कारकून. नवरा त्याच कचेरीत ड्रायव्हर होता, तो गेल्यावर अनुकंपेवर यांना घेतलं होतं. एवढं सगळं उभ्या उभ्या सांगून त्यांनी विचारलं, शंभरचं शिकवता का?

ज्यांना यातलं माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. लघुलेखन म्हणजे शॉर्टहँड. समोरचा बोलेल त्या वेगानं रेघा, वळणं, टिंबं काढत जायचं आणि नंतर त्यावरून सगळं अक्षरात उतरवायचं. मिनिटाला साठ शब्द, ऐंशी शब्द, शंभर शब्द अशा परीक्षा असतात. शंभरच्या सर्टिफिकेटावर त्यांना लघुलेखकाची जागा मिळण्यासारखी होती, आणि वयाची अट फार लांब राहिली नव्हती. मी माझं नेहमीचं भाषण सुरू केलं, की हे काम वीस-बावीसच्या पोरांचं, सांधे कोवळे असतात तेव्हाचं. त्यांनी ते उभ्यानंच ऐकून घेतलं आणि पहिल्या बाकावर जाऊन बसल्या.

हे खूळ डोक्यात कुठून आलं, ते त्यांनी बऱ्याच दिवसांनी सांगितलं. नवरा गेल्यावर कागदपत्रांसाठी त्या साहेबांसमोर गेल्या होत्या. साहेब काहीतरी बोलत होते, आणि शेजारी बसलेली बाई त्यांचं वाक्य संपायच्या आत ते कागदावर घेत होती. “मला त्या दिवशी काही ऐकू येत नव्हतं, सर. फक्त तिचा हात दिसत होता,” त्या म्हणाल्या. आपलंही काहीतरी कोणीतरी असं धरून ठेवायला पाहिजे होतं, असं त्यांना तेव्हा वाटलं म्हणे. मी मान डोलावली आणि पुढचा उतारा काढला.

हात मात्र या कामाचा नव्हता, हे मी पहिल्याच आठवड्यात ठरवून टाकलं. या लिपीत रेघ हलकी काढली तर ‘प’, तीच दाबून काढली तर ‘ब’. कोकिळाताईंची प्रत्येक रेघ दाबलेली. त्यांनी ‘पाणी’ लिहिलं की मला ‘बाणी’ दिसायचं. वहीच्या मागच्या पानावर पुढच्या पानाचं सगळं उमटलेलं असायचं. माझ्या वडिलांचा एक लाडका सिद्धान्त होता, की हात जन्मतो, बनत नाही; आणि मी तो त्यांच्या खुर्चीबरोबर वारशानं घेतला होता.

पण बाईंना स्वस्थ बसणं माहीतच नव्हतं. रेघ हलकी यावी म्हणून त्या पेन्सिल सोडून कोंबडीच्या पिसानं लिहून बघायच्या. क्लासच्या आधी अर्धा तास यायच्या, पंख्याखालची जागा सोडून खिडकीपाशी बसायच्या, कारण परीक्षेत पंखा असेलच असं नाही. मग मध्येच उठून पंख्याखाली यायच्या, कारण असलाच तर कागद उडेल. उजव्या हाताची तर्जनी सतत मांडीवर काहीतरी गिरवत असायची. एसटी स्टँडवर गाड्यांची घोषणा झाली की ती गिरवायची, भाजीवाल्याची हाळी गिरवायची, देवळातली आरतीसुद्धा गिरवून व्हायची. एकदा नात्यात मयत झालं. खानदेशात बायका मेलेल्या माणसाचे गुण सांगत, आठवणी काढत रडतात. या तिथे पदर तोंडाला लावून बसल्या होत्या, डोळ्यांतलं पाणीही खोटं नव्हतं, पण गुडघ्यावर बोट चाललं होतं. नणंदेनं ते पाहिलं आणि दोन महिने बोलणं टाकलं. हे त्यांनी मला हसत हसत सांगितलं आणि शेवटी विचारलं, “त्या किती स्पीडनं रडत असतील हो सर? मला शेवटचं सुटलं.”

सहा महिन्यांत साठ झालं, वर्षाच्या आत ऐंशी. माझा सिद्धान्त अडचणीत आला. एक दिवस मी विचारलंच, हे कसं जमवलंत? त्यांनी जे सांगितलं ते कुठल्या पुस्तकात नाही. त्यांचं माहेर धरणगावजवळच्या खेड्यातलं, घरची कपाशी. सात-आठ वर्षांच्या असल्यापासून त्या आईबरोबर वेचणीला जायच्या. “वेचताना हातातल्या बोंडाकडे कोणी बघत नाही, सर,” त्या म्हणाल्या. “बोट इथे चालतं, डोळा पुढच्या बोंडावर असतो. डोळा बोटापाशी आला की ओळीत मागे पडलीच. मी तुमचा शब्द लिहितच नाही. लिहिते तो मागचा, ऐकते तो पुढचा.” तेव्हापासून मी प्रत्येक नव्या बॅचला हे सांगतो. कोणाचं आहे ते सांगत नाही, हे मात्र कबूल करायला पाहिजे.

अडचण आली ती शंभरच्या सरावात.

आमचे सरावाचे उतारे बहुतेक सभागृहातल्या भाषणांसारखे असतात. ‘अध्यक्ष महोदय’नं सुरू होतात आणि प्रश्न गंभीर असल्याचं सांगून संपतात. मी पहिल्यांदा शंभरच्या वेगानं वाचलं, सगळ्यांनी उतरवून कागद दिले. कोकिळाताईंचा कागद तपासताना माझं पेन थांबलं. लिहिलं होतं, ‘अध्यक्ष महोदय, ही परिस्थिती अत्यंत गंभीर शे.’

मला हसू आवरलं नाही. मी ते वर्गाला मोठ्यानं वाचून दाखवलं. सगळे हसले, कोकिळाताईही हसल्या. खेड्याकडे अहिराणी बोलतात, तिच्यात ‘आहे’ला ‘शे’ म्हणतात, आणि ‘ळ’चा ‘य’ होतो. डोळ्याला डोया, केळीला केयी. वर्गातल्या निम्म्या लोकांच्या घरी असंच बोलतात. पण क्लासात, कचेरीत सगळे नीट ‘आहे, आहे’ करतात. कोकिळाताईही करायच्या. एरवी बोलताना त्यांचं मराठी पुस्तकात छापावं असं. फक्त वेग शंभरकडे सरकला, की हात धरणगावला जायचा.

दुसऱ्या दिवशी चार ‘शे’ होते. तिसऱ्या दिवशी सहा, आणि एक ‘शाया’. गंमत संपली. वाईट हे, की उतरवून झाल्यावर तपासताना त्यांना ते सापडायचंच नाही. बाकी चुका त्या पटापट खोडायच्या, पण ‘शे’वरून नजर सरळ पुढे जायची. खटकण्यासारखं त्यात त्यांना काही नव्हतंच. मी ‘आहे’ शंभर वेळा लिहून आणायला सांगितलं. त्यांनी अख्खी वही भरून आणली. परीक्षेला बसल्या. ठरलेल्यापेक्षा जास्त चुका, नापास. पुन्हा बसल्या, पुन्हा तेच. त्या वेळी कचेरीतले लोक म्हणायला लागले होते, आता फोनला सांगितलं की फोन लिहितो, बाई कशाला जीव काढताहेत? कोकिळाताई आपला फोन घेऊनच क्लासला आल्या. माझ्यासमोर फोन तोंडाशी धरून म्हणाल्या, “आज बठ्ठं बरं शे.” म्हणजे, आज सगळं बरं आहे. पडद्यावर उमटलं, ‘आज बटाटं भरून शेण.’ त्या इतक्या हसल्या की ठसका लागला. म्हणाल्या, यालाही वही भरायला लावा, सर.

त्या हसण्यात काहीतरी बिनसलेलं होतं, हे मला आता कळतं. तेव्हा मी चिडलेलो होतो. नापास होणारा विद्यार्थी मला माझाच अपमान वाटतो. दुसऱ्या निकालाच्या दिवशी मी त्यांना थांबवून घेतलं आणि म्हटलं, की ताई, काही गोष्टी अंगातच असाव्या लागतात. ऐंशीवर समाधान माना.

त्यांनी भिंतीकडे पाहिलं. तिथे दोन सर्टिफिकेटं टांगलेली आहेत. एक वडिलांचं, एकशेवीसचं. एक माझं. माझ्यावरचा आकडा इतक्या वर्षांत कोणी जवळ जाऊन वाचला नव्हता. तो ऐंशीचा आहे. शंभरला मी दोनदा नापास झालो आणि तिसऱ्यांदा बसलो नाही. वडील म्हणाले होते, तुझा हात तेवढाच. मी ते मानलं, आणि वाचायला लागलो. वाचायला शंभर काय, दीडशेही जमतं.

कोकिळाताईंनी आकडा वाचला, पण त्यावर एक शब्द काढला नाही. म्हणाल्या, “माझ्या अंगात शे आहे, सर. ते काढायचं कसं, तेवढं सांगा.”

मी तेव्हा गप्प बसायला हवं होतं. पण मास्तर माणूस, विचारलं की सांगतो. मी म्हटलं, चोवीस तास बंद करा ते बोलणं. घरी, दारी, स्वप्नात, कुठेही नाही. आमच्या वडिलांनी हेच केलं होतं. आईचं माहेर जामनेरकडचं. तिचं बोलणं आपण लग्नानंतर सहा महिन्यांत सुधारलं, असं ते लोकांना कौतुकानं सांगायचे. आई तेव्हा समोर बसलेली असायची आणि काही बोलायची नाही. कोकिळाताईंना मी हेही सांगितलं, उदाहरण म्हणून.

त्यांनी ते मनावर घेतलं. कसलीही गोष्ट अर्धी मनावर घ्यायची त्यांना सवय नव्हती. शेजारणींना सांगून ठेवलं, माझ्याशी अहिराणीत बोलू नका. भाजी घेताना, बसमध्ये, भांडताना, सगळीकडे ‘आहे’. झोपेत बडबडते का ते बघायला म्हणून त्या फोन रेकॉर्डिंगला लावून झोपायच्या. रविवारी आधी माहेरी जायच्या, त्याऐवजी क्लासला यायला लागल्या, कारण माहेरी गेलं की सहा दिवसांच्या सरावावर पाणी पडायचं.

माहेरी भाऊ आणि आई. आई ऐंशीच्या पुढची. काचबिंदूनं तिची नजर त्याच दोन वर्षांत पार गेली. रविवारचं जाणं थांबल्यामुळे फोनवर बोलणं होतं तेवढंच. एकदा क्लास सुटल्यावर जिन्यात उभ्या राहून त्या आईशी बोलत होत्या. फोन स्पीकरवर होता. या विचारत होत्या, जेवण झालं का, गोळ्या घेतल्या का, भाऊ कुठे आहे. पलीकडून म्हातारीनं आवाज बारीक करून विचारलं, “कोकिया, तुन्हा जोडे कोनी बसेल शे का?”

आपली मुलगी असं का बोलतेय? साहेब जवळ बसलेला असणार, असं तिनं धरलं होतं. कोकिळाताई म्हणाल्या, नाही, कोणी नाही. तरी म्हातारी पुढे बेतानंच बोलली. फोन ठेवून ताई माझ्याकडे बघून हसल्या आणि तर्जनी जिन्याच्या कठड्यावर गिरवायला लागल्या. मी त्या दिवशी घरी जाऊन खूश होतो. माझी युक्ती लागू पडत होती.

तिसऱ्या वेळी त्या पास झाल्या. सबंध उताऱ्यात एकही ‘शे’ नाही. पेढे घेऊन आल्या, वर्गात वाटले, आणि वडिलांच्या सर्टिफिकेटाखाली उभ्या राहून मला म्हणाल्या, आता तुम्ही बसा, सर, मी वाचते. मी हसण्यावारी नेलं. त्यांनी नेलं नाही. बाकावर पेन्सिल ठेवली, वही उघडून दिली आणि उतारा वाचायला लागल्या. काय वाचत होत्या! स्पष्ट, सपाट, एकसारखं. मला वाटलं मीच बोलतोय. दुसऱ्या मिनिटाला माझी बोटं मागे पडली आणि मी पेन्सिल टेबलावर आपटली. त्या थांबल्या नाहीत. उतारा संपेपर्यंत वाचत राहिल्या, मग म्हणाल्या, उद्या पुन्हा. तो उद्या आला नाही, कारण मी नको म्हटलं. पाच-सहा महिन्यांत त्यांना लघुलेखकाची जागा मिळाली आणि धुळ्याला नेमणूक झाली.

त्यानंतर वर्षभर भेट नाही. मग एका शनिवारी संध्याकाळी जळगावात त्या क्लासच्या दारात उभ्या. हातात नवी कोरी वही. मला वाटलं एकशेवीसची तयारी. बसा म्हटलं, बसल्या नाहीत. या बाकापासून त्या बाकापर्यंत जात राहिल्या आणि सांगत राहिल्या.

नेमणूक झाल्यावर त्या माहेरी गेल्या होत्या. आईला ऑर्डर हातात द्यायची होती, वाचता येणार नाही हे माहीत असूनही. भाऊ वावरात होता, म्हातारी ओट्यावर खाटेवर बसलेली. यांनी जवळ जाऊन म्हटलं, मी आले आहे, मी कोकिळा. म्हातारीनं लगबगीनं पदर सावरला, खाटेवर सरकून जागा केली आणि म्हणाली, “बसा. कोन शेतस बाई तुम्ही? दवाखानामाईन उन्यात का? गोया संपी ग्यात.” दवाखान्यातून गोळ्या घेऊन आलेली कोणी बाई असणार, असं तिला वाटलं.

कोकिळाताई म्हणाल्या, मी कोकिळा, तुझी कोकिळा. म्हातारीनं नकारार्थी मान हलवली. “आठे कोकिळा कोनी नई. मन्ही कोकिया शे, ती धुयाले ऱ्हास.”

“तेव्हा एक शब्द बोलायचा होता, सर,” त्या म्हणाल्या. “मी कोकिया शे. बस. आणि मला तो आधी ‘आहे’ आठवला. मग त्याचा ‘शे’ करावा लागला. तेवढ्यात भाऊ आला आणि त्यानं ओळख करून दिली.”

ओळख करून दिली. हे त्या दोनदा म्हणाल्या. म्हातारीला पटलं, तिनं डोक्यावरून, तोंडावरून हात फिरवला, रडली. पण ‘तुम्ही’ काही गेलं नाही. मुद्दाम नव्हे; तू म्हणायला जायची आणि समोरून असा साहेबी आवाज आला की जीभच वळायची नाही. वर्ष झालं, कोकिळाताई दर शनिवार-रविवार जातात आणि म्हातारी त्यांना ‘तुम्ही जेवी ल्या’ म्हणते.

मला त्या काय बोलतील याची भीती वाटत होती. त्यांनी मला बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं. वही पुढे करून त्या म्हणाल्या, “तुम्ही अहिराणीतून डिक्टेशन द्याल का? शंभरनं. वेग असला की हात विचार करत नाही. हाताला आलं की तोंडात येईल.”

मी उतारा हातात घेतला आणि त्याचं अहिराणी करत वाचायचा प्रयत्न केला. ‘अध्यक्ष महोदय’च्या पुढे जाईना. मला ती भाषा येत नाही. कळते, येत नाही. आमच्या घरातून ती माझ्या जन्माआधीच गेली होती. मी तसं सांगितलं. मी त्यांना म्हटलं, की मी तुम्हाला चुकीचं सांगितलं होतं, मला माफ करा. त्या चालता चालता थांबल्या. म्हणाल्या, “पास तर झाले ना सर. ते नको नव्हतं मला.” आणि लगेच, हात स्वस्थ नाहीच, वही पिशवीत घालून, “बघते. कोणाकडून तरी शिकते,” म्हणत धरणगावची गाडी पकडायला पळाल्या.

त्या रात्री मला झोप लागली नाही. दुसऱ्या दिवसापासून मी सकाळी क्लास उघडायच्या आधी फोनवर उतारा लावून लिहायला बसतो. ऐंशीच्या पुढे हात अडतो. अडू दे. वडिलांची खुर्ची मी माळ्यावर टाकली आहे.

गेल्या दिवाळीनंतर धरणगावला एका लग्नाला गेलो होतो. रविवार होता. जेवणं उरकली आणि मी कोणाला न सांगता रिक्षा करून त्यांच्या माहेरच्या गावी गेलो. घर विचारावं लागलं नाही, ओट्यावर त्याच दिसल्या. पुढच्या खोलीत कापसाचा ढीग छातीएवढा लागलेला. म्हातारी खाटेवर बसून मांडीवरच्या कापसातला काडीकचरा बोटांनी चाचपून काढत होती, आणि बोलत होती. खाली पायरीवर कोकिळाताई, मांडीवर वही. मला पाहून त्यांनी नुसती मान हलवली. डिक्टेशन चालू असताना बोलायचं नाही, हे मीच शिकवलेलं.

म्हातारी कोकिया लहान असतानाची गोष्ट सांगत होती. मुलगी वेचणीत खेळता खेळता कापसाच्या ढिगात झोपून गेली आणि सगळा गाव विहिरी धुंडाळत फिरला. हे ती त्या मुलीलाच सांगत होती, पण सांगत होती तुम्ही-तुम्ही करून, गावात नव्या आलेल्या बाईला सांगावं तसं. मी सवयीनं मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं. म्हातारी एकशेवीसच्या खाली बोलत नव्हती. दम घेत नव्हती, स्वल्पविराम नव्हता. बोटं कचऱ्यावर, गोष्ट पुढच्या वळणावर. पेन्सिल धापा टाकत मागून चालली होती.

मी ताईंच्या खांद्यावरून वहीत डोकावलो. रेघा हलक्या होत्या, शेवटी एकदाच्या हलक्या. समोरच्या पानावर मात्र ओळीनं एकच खूण होती, वरपासून खालपर्यंत. श-ची खूण. शे, शे, शे. मी शंभर वेळा ‘आहे’ लिहायला लावलं होतं, तसंच, तेवढंच नीट.

गोष्ट संपली. म्हातारीनं कापूस बाजूला ठेवला. कोकिळाताईंनी पेन्सिल थांबवली, घसा साफ केला आणि मला वाटतं सबंध आठवडा धुळ्यात घोकलेलं वाक्य म्हटलं, “माय, ती कोकिया मीच शे.”

म्हातारीनं कान त्यांच्याकडे वळवला. तोंडावर हसू होतं. हात पुढे करून तिनं मुलीचा गाल शोधला, त्यावर तळवा ठेवला आणि फार मायेनं म्हणाली, “शेतस ना, माले म्हाईत शे. पन तुमनं ‘शे’ पाठ करेल शे, बाई.”

मी चप्पल घातली. कोकिळाताईंनी गालावरचा हात तसाच राहू दिला, आणि दुसऱ्या हातानं वहीचं पान उलटलं. पेन्सिलीचं टोक बघितलं. म्हणाल्या, “परत सांग, माय. हळू सांग.”

मग थांबल्या. ओठ हलले, बोट गुडघ्यावर एकदा गिरवून आलं.

“हयू,” त्या म्हणाल्या.